ग्रेनेडा बेटावरची चवसफर: जायफळ, कोको, रम आणि ऑइल डाउन

मिरवेल (धागालेखक)

खाण्यापिण्याच्या चवी घेत फिरण्याच्या सहली आता कॅरिबियनमधल्या बहुतेक बेटांवर मिळतात. बार्बाडोसला रमच्या भट्ट्या दाखवतात, जमैकात ब्लू माउंटनची कॉफी पाजतात, त्रिनिदादला रस्त्याकडेचे डबल्स, म्हणजे चणे भरलेल्या मऊ पुऱ्या, खायला नेतात. या धाग्यात मात्र मी केवळ ग्रेनेडाविषयी लिहिणार आहे. तिथे जे चाखायला मिळते, ते कुठे पिकते, कसे वाळते आणि कशात आंबते, हे सगळे एका दिवसाच्या फेरीत डोळ्यांनी पाहता येते. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि १८ किलोमीटर रुंद आहे. रस्ते घाटाचे आणि अरुंद असल्यामुळे अंतराच्या मानाने वेळ जास्त लागतो, तरी सकाळी लवकर निघाल्यास संध्याकाळपर्यंत संपूर्ण प्रदक्षिणा होते.

माझे मत आधीच सांगते. हॉटेलच्या टेबलावर छोट्या पेल्यांत रम आणि बशीत चॉकलेटचे तुकडे मांडून जी ‘चव’ दिली जाते, तिच्यासाठी पैसे खर्च करू नयेत. पदार्थ कच्चा असताना कसा लागतो हे जिभेला कळल्यावर मगच तयार पदार्थ चाखावा, म्हणजे त्यात काय बदलले ते नेमके लक्षात येते. ग्रेनेडात हे करता येते, आणि म्हणूनच तिथली सहल आखताना कामाच्या जागा निवडाव्यात.

सुरुवात पश्चिम किनाऱ्यावरच्या गुयाव या गावापासून करावी. जायफळ या बेटावर १८४३ साली आले असे मानतात, आणि आज ते देशाच्या राष्ट्रध्वजावर आहे. गुयावमध्ये जायफळ उत्पादकांच्या सहकारी संघाचे प्रक्रिया केंद्र आहे. हा संघ १९४७ सालचा. इमारत लाकडी, मजल्यांची, आणि आत शिरताच वास इतका दाट की तो कपड्यांत राहतो. वाटाड्या बाहेर एक ताजे फळ चिरून दाखवतो. फिकट पिवळी जाड साल, आत लालभडक ओली जायपत्री, तिच्या जाळीखाली काळपट चकचकीत कवच आणि त्या कवचात जायफळ. सालीचा तुकडा आंबट-तुरट लागतो आणि जीभ आकसते. ओली जायपत्री चावली तर आधी गोडसर आणि मग झणझणीत. आत गेल्यावर फळ्यांचे ताटवे दिसतात, त्यांवर कवचासकट जायफळे कित्येक आठवडे वाळत असतात. वाळल्यावर कवच फोडतात आणि आतली बी पाण्यात टाकतात. जी बुडते ती उत्तम प्रतीची, जी तरंगते ती तेलासाठी. त्यानंतरची निवड बायका हाताने करतात. पोत्यांवर शाईने दूरदूरच्या बंदरांची नावे उमटवलेली असतात.

तिथून उत्तरेकडे वळसा घालून सेंट पॅट्रिक परगण्यात बेलमाँट इस्टेटला जावे. इथे कोकोचे पिवळे-तांबडे फळ कोयत्याने फोडून देतात. बियांभोवतीचा पांढरा गर चोखायचा असतो, बी चावायची नसते. गर लिचीसारखा गोड-आंबट लागतो, चॉकलेटचा मागमूसही त्यात नसतो. बिया लाकडी पेट्यांत केळीच्या पानांखाली सहा ते आठ दिवस आंबवतात. परवानगी मिळाल्यास त्या पेटीत हात घालून पाहावा. बिया हाताला चांगल्याच गरम लागतात आणि नाकात व्हिनेगरचा वास भरतो. त्या उष्णतेने आणि आंबण्याने बीचा कडवटपणा उतरतो आणि पुढे भाजल्यावर येणाऱ्या स्वादाचा पाया तयार होतो. मग बिया रुळांवरून सरकणाऱ्या मोठ्या लाकडी ताटव्यांवर उन्हात वाळतात. पाऊस आला की ताटवे छपराखाली ढकलले जातात. दर थोड्या वेळाने अनवाणी माणसे बियांमधून पाय सरकवत ओळी पाडत चालतात, म्हणजे सगळ्या बाजूंनी ऊन लागते. पाहुण्यांनाही हे करू देतात.

शेवटी चॉकलेट. ग्रेनेडा चॉकलेट कंपनी १९९९ साली मॉट ग्रीन या अमेरिकेतून आलेल्या तरुणाने दोन साथीदारांसह सुरू केली. कोको पिकवणाऱ्या बेटावरच चॉकलेट तयार व्हावे आणि त्याचा पैसा बेटावर राहावा, हा त्यामागचा विचार होता. कारखाना सौर विजेवर चालवण्यासाठी त्याने जुनी यंत्रे जमवून दुरुस्त केली. २०१३ साली यंत्रावर काम करत असतानाच विजेच्या धक्क्याने त्याचे निधन झाले. आज बेटावर चॉकलेट करणारे आणखीही काही जण आहेत, आणि मला वाटते की ही वाट त्याने दाखवली. चाखताना साठ टक्के कोकोच्या चॉकलेटपासून सुरुवात करून शंभर टक्क्यांपर्यंत चढत जावे. तुकडा चावू नये, जिभेवर विरघळू द्यावा.

रमविषयी स्वतंत्र लिहिते. ज्यांनी हे बेट पाहिले आहे किंवा जाण्याचा विचार आहे, त्यांनी आपली माहिती आणि प्रश्न जरूर मांडावेत.

चुलाण

उत्तम धागा. मी कोल्हापूरकडचा, त्यामुळे रमची भट्टी कशी चालते ते ऐकण्याची उत्सुकता आहे. तिकडे रम मळीपासून करतात की थेट उसाच्या रसापासून? आपल्याकडचे साखर कारखाने मळीपासून मद्यार्क काढतात, तोच प्रकार असेल तर पाहण्यासारखे फार नसावे.

मिरवेल (धागालेखक)

चुलाण, तुमच्यासाठी हा भाग मुद्दाम सविस्तर लिहिते. बेलमाँटपासून थोड्याच अंतरावर रिव्हर अँटवॉन ही भट्टी आहे. स्थानिक लोक तिला नुसते ‘रिव्हर्स’ म्हणतात. ती १७८५ सालापासून चालू आहे आणि चरक अजूनही पाणचक्कीवर फिरतो. ओढ्याचे पाणी पाटाने चक्कीवर आणले आहे. पाणी कमी असेल तेव्हा ऊस गाळणे थांबते.

तिथले दृश्य तुम्हाला गुऱ्हाळासारखेच वाटेल. माणसे उसाची मोळी चरकात घालतात, रस वाहत जाऊन एकापुढे एक बसवलेल्या काहिलींत पडतो, आणि खाली चुलाणात वाळलेली चिपाडे जळत असतात. रस आटत जाईल तसा लांब दांड्याच्या डावाने एका काहिलीतून पुढच्या काहिलीत ओततात. फरक पुढे आहे. गूळ होईपर्यंत न आटवता तो रस थंड करून उघड्या सिमेंटच्या हौदांत सोडतात. वरून विरजण काहीही घालत नाहीत, हवेतल्या आणि भिंतींवरच्या यीस्टवर तो आपोआप आंबतो. हौदांवर फेसाचा तपकिरी थर येतो आणि बुडबुडे सतत फुटत असतात. नंतर लाकडाच्या जाळावर तापवलेल्या तांब्याच्या भट्टीतून रम काढतात. ती पिंपात मुरवत नाहीत, पाण्यासारखी स्वच्छ असताना बाटलीत भरतात.

तिची ताकद साधारण ७५ टक्के असते, म्हणून चाखताना काळजी घ्यावी. पेल्यात बोटभर ओतून घेऊ नये, चार थेंब पुरतात. आधी वास घ्यावा. उसाच्या ताज्या रसाचा, हिरव्या केळ्याचा आणि किंचित धुराचा वास येतो. मग थेंब जिभेवर घेऊन लगेच पाणी प्यावे, तिथले लोकही तसेच करतात. रिकाम्या पोटी तर मुळीच घेऊ नये. गाडी स्वतः चालवत असाल तर हा टप्पा नुसता पाहण्यासाठी ठेवावा, कारण परतीचा रस्ता डोंगरातून जातो.

मळीपासून रम करणाऱ्या भट्ट्याही कॅरिबियनमध्ये पुष्कळ आहेत. ग्रेनेडातल्या क्लार्क्स कोर्ट आणि वेस्टरहॉल या नावांच्या रम अधिक सौम्य आणि मुरवलेल्या मिळतात. त्याही प्याव्यात, पण पाहण्यासाठी एकच जागा निवडायची असेल तर माझे उत्तर रिव्हर्स हेच राहील.

दोन_माड

मी गोव्याचा आहे. हुर्राक आणि फेणी काढताना जवळून पाहिलेल्या माणसाला वरचे वर्णन अगदी ओळखीचे वाटेल. काजूची बोंडे तुडवून काढलेला रसही आपोआपच आंबतो, बाहेरचे यीस्ट घालत नाहीत, आणि परंपरेने भट्टी लाकडाच्या जाळावरच लागते. त्यामुळे प्रत्येक भट्टीची चव वेगळी येते, आणि म्हणूनच ती जागेवर जाऊन पिण्यात अर्थ असतो. फेणीला २००९ साली भौगोलिक उपदर्शन मिळाले, तरी भट्टी पाहायला नेणाऱ्या चांगल्या सहली आमच्याकडे अजून मोजक्याच आहेत. फोंड्याच्या मसाल्याच्या बागांत पर्यटक येतात, जेवतात, मिरीचा वेल पाहतात आणि जातात. जायफळाची साल चाखायला कोणी देत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. आमच्याकडे त्या सालीचे लोणचे घालतात.

एक प्रश्न. ग्रेनेडाचे राष्ट्रीय अन्न नीरफणसाचे (ब्रेडफ्रूटचे) असते असे वाचले होते. आम्ही नीरफणसाची कापे करतो आणि नारळाच्या रसात भाजीही करतो. तिकडे तो कसा शिजवतात?

मिरवेल (धागालेखक)

त्याला ऑइल डाउन म्हणतात आणि ते चाखल्याशिवाय बेट सोडू नये. मोठ्या पातेल्यात थर लावतात. तळाशी खारवलेले मांस किंवा खारा मासा, त्यावर नीरफणसाच्या जाड फोडी, हिरवी केळी, गाजर, पिठाची लांबट मुटकुळी, आणि सगळ्यांत वर अळूची पाने. हळद घातलेला नारळाचा दाट रस ओतून झाकण ठेवायचे आणि ढवळायचे नाही. रस आटत आटत नीरफणसात मुरतो आणि तळाशी नुसते खोबऱ्याचे तेल उरते. ते तेल दिसू लागले की पदार्थ झाला. नीरफणस बाहेरून मऊ आणि आतून किंचित पिठूळ राहतो, आणि तळाची खरपूड ज्याला मिळते तो भाग्यवान समजावा.

उपाहारगृहापेक्षा हे अन्न अंगणात तीन दगडांच्या चुलीवर रांधलेले चांगले लागते, कारण ते मुळात शेजारपाजार जमवून करण्याचे जेवण आहे. काही स्थानिक वाटाडे सहलीतच असा स्वयंपाक ठेवतात आणि नारळ खवण्यापासून सगळ्यांना कामाला लावतात. अशी सहल मिळाली तर तीच घ्यावी.

नीरफणस मूळचा प्रशांत महासागरातल्या बेटांचा. गुलामांना पोसण्यासाठी स्वस्त अन्न हवे म्हणून इंग्रजांनी तो १७९३ साली कॅप्टन ब्लायच्या जहाजातून सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला आणला आणि तिथून तो इतर बेटांवर पसरला.

शेवंती

आमच्या घरात दोघे पूर्ण शाकाहारी आहेत आणि सासूबाई मद्याच्या वासानेही अस्वस्थ होतात. अशा कुटुंबाने ही सहल करावी का, की खर्च वाया जाईल? कृपया मोकळेपणाने सांगावे.

मिरवेल (धागालेखक)

अवश्य करावी. जायफळ आणि कोको हे दोन्ही टप्पे पूर्णपणे शाकाहारी आहेत, आणि भट्टीच्या टप्प्याऐवजी मॉर्न डेलिस इथे जायफळाच्या सालीचा जॅम, जेली आणि पाक करणाऱ्या जागी जाता येते. तो पाक पाण्यात किंवा सोड्यात मिसळून पितात, आपल्या आवळा-सरबताच्या वळणाची चव असते.

ऑइल डाउन मात्र आधी सांगून ठेवल्याशिवाय शाकाहारी मिळणार नाही, कारण खारे मांस हाच त्याचा मिठाचा भाग असतो. रास्ताफारी पंथाचे लोक मांसाशिवाय रांधतात. त्या स्वयंपाकाला तिथे ‘आयटल’ म्हणतात, वाटाड्याला हाच शब्द सांगावा. कलालू नावाचे सूप अळूच्या पानांचे आणि नारळाच्या रसाचे असते. सासूबाईंना ते आपल्या अळूच्या पातळ भाजीच्या जवळचे वाटेल, फक्त त्यात चिंच-गूळ नसतो. त्यातही कधीकधी खेकडा किंवा खारे मांस घालतात, त्यामुळे विचारूनच घ्यावे. रोटीची दुकाने सर्वत्र आहेत, आणि चणे-बटाट्याचे सारण भरलेली रोटी सहज मिळते.

पेयांची तर रेलचेल आहे. सकाळी कोको टी घ्यावा. भाजलेल्या कोकोचे दालचिनी, जायफळ घालून वळलेले गोळे असतात, ते किसून पाण्यात उकळायचे आणि दूध-साखर घालायची. वर कोकोचे तूप तरंगताना दिसते, ते काढून टाकू नये. नाताळच्या सुमारास सॉरेल मिळते. ते अंबाडीच्या जातीच्या झाडाच्या फुलाखालच्या लाल दळदार आवरणाचे, आले घातलेले आंबट-गोड सरबत आहे. गोल्डन ॲपल नावाचे फळ म्हणजे आपल्या अंबाड्याचे सख्खे चुलतभावंड, त्याचाही रस पितात. मॉबी हे झाडाच्या सालीचे पेय गोड लागते आणि घोट गिळल्यावर कडू होते. ते पहिल्यांदा अर्धा पेलाच घ्यावे.

कडा_कपारी

वाचताना आनंद वाटला, पण एक गोष्ट गंभीरपणे मांडायची आहे. १७८५ साली सुरू झालेली भट्टी आणि बेलमाँटसारखा सतराव्या शतकातला मळा म्हणजे गुलामांच्या श्रमावर उभी राहिलेली ठिकाणे. ग्रेनेडात १७९५-९६ मध्ये ज्युलियन फेदोंच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला होता, आणि गुलामगिरी कायद्याने संपायला १८३४ साल उजाडले. त्यानंतरही सक्तीची ‘उमेदवारी’ १८३८ पर्यंत चालली. चवीची सहल घेताना या इतिहासाला वळसा घातला जातो का? काही बेटांवर मळेवाल्यांच्या हवेलीतले चांदीचे चमचे कौतुकाने दाखवतात आणि ऊस कोणी तोडला याचा उल्लेखही होत नाही. असल्या ठिकाणी मी पुन्हा पाऊल टाकणार नाही.

मिरवेल (धागालेखक)

कडा_कपारी, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि सहल निवडण्याची ती एक कसोटीच मानावी. वाटाड्याला आधीच विचारावे की तो ऊस कोणी तोडला हे सांगतो का. ग्रेनेडातले बहुतेक वाटाडे त्याच लोकांचे वंशज आहेत आणि ते न विचारताच सांगतात.

बेलमाँटच्या बाबतीत आणखी एक धागा आहे, जो भारतीय वाचकांना ठाऊक असायला हवा. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. ‘मेडस्टोन’ हे जहाज त्यांना घेऊन १ मे १८५७ रोजी ग्रेनेडाला लागले. त्या वर्षापासून १८८५ पर्यंत सुमारे ३,२०० भारतीय तिथे नेले गेले. जहाजे कलकत्त्याहून सुटत, त्यामुळे त्यांत प्रामुख्याने उत्तर भारतातली माणसे होती. मराठी मुलखाशी याचा संबंध जोडता येत नाही, मॉरिशसची गोष्ट वेगळी आहे. या मजुरांच्या वंशजांपैकी न्याक कुटुंबाने १९४४ साली बेलमाँट विकत घेतले. बेटावर भारतीय वंशाच्या लोकांनी विकत घेतलेला तो पहिला मळा मानला जातो. आजही मळा त्याच कुटुंबाकडे आहे, आणि पाहुण्यांना जेवायला जे वाढतात त्यात आफ्रिकी, भारतीय आणि युरोपीय स्वयंपाकाचे थर शेजारी-शेजारी असतात.

निळी_शाई

माझी भाची ग्रेनेडाच्या राजधानीत, सेंट जॉर्जेसच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकते, त्यामुळे माझे तिथे जाणे-येणे असते. काही व्यावहारिक गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट फेरीच्या दिशेची. धागालेखिकेने पश्चिमेकडून सुरुवात करायला सांगितले आहे आणि एरवी तेच बरोबर आहे, कारण जायफळाचे केंद्र दुपारनंतर बंद होते आणि भट्टीही कामाच्या दिवशीच पाहता येते. शुक्रवारी मात्र दिशा उलटी करावी. पूर्वेकडून निघून सकाळी रिव्हर्स, दुपारी बेलमाँटला जेवण आणि संध्याकाळी गुयाव असा क्रम ठेवावा. दर शुक्रवारी रात्री गुयावच्या गल्ल्यांत मासळीची जत्रा भरते. ते कोळ्यांचे गाव आहे, ट्यूना त्याच दिवशी पाण्यातून आलेला असतो. निखाऱ्यावर फॉइलमध्ये भाजलेला मासा, माशाचे वडे आणि लँबी, म्हणजे मोठ्या शंखातल्या प्राण्याचे मांस, असे सगळे रस्त्यात उभे राहून खायचे असते. शेवंड मे ते ऑगस्ट या काळात धरायला बंदी असते. त्या महिन्यांत कोणी ताजी शेवंड म्हणून देऊ लागले तर नम्रपणे नाही म्हणावे. त्या शुक्रवारी जायफळाचे केंद्र हुकते, ते दुसऱ्या एखाद्या कामाच्या दिवशी पाहावे.

दुसरी गोष्ट बाजाराची. सेंट जॉर्जेसचा बाजार शनिवारी सकाळी पाहावा. मसाल्यांच्या माळा, टोंका बिया, कोकोचे गोळे, दालचिनीच्या काड्या यांची तिथे रास असते. ‘सॅफ्रन’ म्हणून जी पिवळी पूड विकतात ती हळद असते, केशर नव्हे. तिथले तेच नाव आहे, विकणाऱ्या बाईंवर संशय घेऊ नये. तिथला ‘बे लीफ’ आपल्या तमालपत्राहून वेगळ्या झाडाचा असतो आणि त्याला लवंगेसारखा वास असतो.

तिसरी गोष्ट, मोठी पर्यटक जहाजे बंदराला लागतात त्या दिवशी सहल ठेवू नये. जहाजावरूनच विकल्या गेलेल्या एका सहलीत आम्ही गेलो होतो. त्यात प्रत्येक ठिकाणी एवढा थोडा वेळ दिला की फळ फोडण्याआधीच लोकांना बसमध्ये बसवले. एखादा स्थानिक वाटाडा दिवसभरासाठी ठरवावा आणि पैसे त्याच्या हातात द्यावेत. पूर्व कॅरिबियन डॉलर अमेरिकी डॉलरशी २.७० या ठरलेल्या दराने बांधलेला आहे, त्यामुळे भाव सांगताना डॉलर कोणता, हे आधी विचारून घ्यावे.

लाखीबाग

मी रत्नागिरीजवळ नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी आणि मिरी घेतो. अशा मिश्र बागेला लाखीबाग म्हणतात, माझे सदस्यनाम त्यावरूनच आहे. हा धागा पर्यटनाचा असला तरी मला शेतकरी म्हणून काही विचारायचे आहे. आमच्याकडे जायफळाचा मुख्य हंगाम नेमका पावसाळ्यात येतो. जायपत्री वाळवणे हे सगळ्यांत मोठे दुखणे आहे, कारण ओल राहिली की बुरशी येते आणि भाव पडतो. चुलीवर वाळवली तर धुराचा वास लागतो. ग्रेनेडातही पाऊस पुष्कळ. तिथला शेतकरी काय करतो? आणि पर्यटक येतात त्याचा पैसा त्याच्यापर्यंत पोहोचतो का?

निळी_शाई

लाखीबाग, मी शेतकरी नाही, पण केंद्रातल्या माणसांशी बोलले आहे ते सांगते. तिथला लहान शेतकरी वाळवण्याचे काम बहुतांशी स्वतःवर घेत नाही. तो फळे गोळा करून साल काढतो, जायपत्री वेगळी करतो आणि माल केंद्रावर आणून देतो. वजन होते, प्रत ठरते आणि त्याला आगाऊ रक्कम मिळते. पुढे संघाने माल विकून नफा मिळवला तर वर्षअखेरीस सभासदांना बोनस वाटायचा, अशी मुळापासूनची रचना आहे. वाळवण छपराखाली हवेशीर ताटव्यांवर सावकाश होते. जायपत्री तर अंधाऱ्या पेट्यांत महिनोन्‌महिने ठेवतात, तेव्हा तिचा लाल रंग जाऊन पिवळट-केशरी होतो. एकेकट्या शेतकऱ्याला एवढा धीर आणि एवढी जागा परवडली नसती.

पर्यटकांनी दिलेले प्रवेशशुल्क थोडेच असते. त्याने शेतकऱ्याचे घर चालणार नाही हे स्पष्ट आहे.

मिरवेल (धागालेखक)

यात एक मोठे दुःख आहे आणि ते सहलीत जाणवतेच. ७ सप्टेंबर २००४ रोजी इव्हान हे चक्रीवादळ बेटावर आदळले. त्याआधी ग्रेनेडा जायफळाच्या निर्यातीत इंडोनेशियाखालोखाल जगात दुसरे होते. एका दिवसात बहुसंख्य झाडे मुळासकट उपटली गेली. जायफळाच्या झाडाची मुळे फार खोल जात नाहीत, आणि नवीन रोप फळाला यायला सात-आठ वर्षे लागतात. पूर्ण भरात यायला त्याहून कितीतरी अधिक. ज्या शेतकऱ्याचे वय साठीच्या पुढे होते, त्याने पुन्हा जायफळ लावायचे तरी कशाच्या भरवशावर? अनेकांनी कोको लावला, कारण तो तीन ते पाच वर्षांत फळतो. आज चॉकलेटच्या सहली इतक्या दिसतात, मे महिन्यात चॉकलेटचा उत्सव भरतो, त्यामागे हेही एक कारण आहे. पुढे १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळाने कॅरियाकू हे ग्रेनेडाचे धाकटे बेट अक्षरशः झोडपून काढले आणि मुख्य बेटाच्या उत्तर भागातल्या बागांचेही नुकसान केले. म्हणून मला वाटते की जाणाऱ्याने प्रवेशशुल्कावर थांबू नये. जायफळ, जायपत्री, जॅम, चॉकलेट जागेवरच विकत घ्यावे, आणि घासाघीस करू नये.

लाखीबाग

दोघींचे मनापासून आभार. सामाईक वाळवणगृहाचा विषय आमच्या गटाच्या बैठकीत मी नक्की मांडणार आहे. माझी बहीण डिसेंबरमध्ये अमेरिकेहून ग्रेनेडाला जाऊन मग इकडे येणार आहे. तिच्याबरोबर तिथले ताजे बियाणे मागवावे असा विचार मनात आला. आणि चुलाण यांच्यासाठी रिव्हर्सची एक बाटली, हेही तिला सांगता येईल का?

मिरवेल (धागालेखक)

बाटलीचे आधी सांगते. ७० टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेली बाटली विमानात कोणत्याच सामानात चालत नाही, म्हणून ७५ टक्क्यांची रिव्हर्स तिथेच राहते. पाहुण्यांची ही अडचण ओळखून भट्टी ६९ टक्क्यांची वेगळी बाटलीही विकते. ती नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकावी.

बियाणे मात्र कृपया मागवू नये. लावण्यासाठीचे बी किंवा रोप भारतात आणायला वनस्पती संगरोधाच्या नियमांप्रमाणे आयात परवाना लागतो, आणि तो नियम तुमच्या बागेच्याच रक्षणासाठी आहे. परक्या बेटावरचा एखादा रोग कोकणात शिरला तर तो एका बागेपुरता राहणार नाही. शिवाय जायफळात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. बीपासून आलेले रोप नर की मादी हे फुले येईपर्यंत कळत नाही. ग्रेनेडातले शेतकरीही याच कारणाने वर्षानुवर्षे वाट पाहून नर झाडे तोडत आले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ आणि ‘कोकण स्वाद’ या जाती दिलेल्या आहेत, आणि मादी झाडाच्या डोळ्यांवरून बांधलेली कलमेही मिळतात. बहिणीला बियाण्याऐवजी सालीच्या जेलीच्या बाटल्या आणायला सांगावे. दोन_माड यांच्याकडची लोणच्याची कृती आणि ती जेली शेजारी ठेवून पाहता येईल, आणि आज तुमच्या बागेत जी साल झाडाखाली कुजून जाते तिचे काय करता येईल हे त्यातून ठरवता येईल.

दोन_माड

लोणच्याची कृती देतो. साल पिकून पिवळी झालेली, पण घट्ट असलेली घ्यावी. बारीक फोडी करून मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवाव्यात, म्हणजे तुरटपणा बराच उतरतो. पाणी निथळून फोडी कापडावर सावलीत कोरड्या कराव्यात. मग मोहरीची पूड, तिखट, हळद, हिंग आणि थोडा गूळ घालून थंड केलेली फोडणी वर ओतावी. आठवडाभराने खायला काढावे. लाखीबाग, गूळ कमी घालून पाहा, कोकणातली साल आमच्यापेक्षा कमी आंबट असेल तर गुळाने चव दबते.

लाखीबाग

या मोसमात करून पाहतो आणि इथेच कळवतो. साल वाळवून पूड करता येते का, हेही रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात विचारतो.